डाव्या डोळ्याचे सहा स्नायू

नॉर्बर्ट ग्रुंडाल यांचा डावा डोळा का काढावा लागला, हा या कथेचा विषय नाही. तो काढला गेला, याबद्दल सर्व संबंधितांचे एकमत होते; निदान सुरुवातीला तरी. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. डोळ्याच्या खोबणीत एक गोळी बसवण्यात आली, जखम भरली, आणि मिलवॉकीच्या एका कारागिराने उजव्या डोळ्याशी रंग जुळवत जुळवत त्या गोळीवर बसणारा ॲक्रिलिकचा डोळा घडवून दिला. तो इतका बेमालूम उतरला, की लिंडन लेक गावातली माणसे ग्रुंडाल सरांशी बोलताना नेमकी त्याच डोळ्यात पाहून बोलू लागली. विमा कंपनीने सगळे बिल मुकाट्याने भरले. विस्कॉन्सिन राज्यात आजारपणाचा याहून सुखाचा शेवट कोणी पाहिला असेल, तर त्याने तो लपवून ठेवला आहे.

दुर्दैवाने ग्रुंडाल सरांना आलेला प्रत्येक कागद वाचायची सवय होती.

विमा कंपनी शस्त्रक्रियेनंतर एक कागद पाठवते. त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘हे बिल नाही’ असे छापलेले असते. शहाणी माणसे एवढे तीन शब्द वाचून कागद खणात टाकतात, किंवा लाकडाची शेगडी पेटवायला वापरतात. पण सरांनी गावातल्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले होते. उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून त्यांनी कापलेल्या अर्ध्या अर्ध्या गुणांची रास केली असती, तर त्यात दोन-चार नापास वर्ग सहज पास झाले असते. असा माणूस तीन शब्दांवर थांबत नाही. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, आणि खालच्या बारीक ओळीत त्यांना एक आकडा सापडला : पासष्ट हजार एकशे तीन.

हा शस्त्रक्रियेचा संकेतांक होता. त्याचा अर्थ त्यांनी शोधून काढला. ‘नेत्रगोल काढून रोपण बसवणे, स्नायू रोपणास न जोडता.’

“मार्लिस,” ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “यांनी माझे स्नायू सोडून दिलेत.”

त्यांची पत्नी मार्लिस रूबार्बच्या आंबटगोड ‘पाय’साठी पीठ लाटत होती. “कोणी?”

“कंपनीनं. कागदावर.”

“मग राहू देत कागदावर.”

“डोळा हलवणारे सहा स्नायू असतात. डॉक्टर हॅगननी ते सहाही त्या गोळीला शिवलेत. मला चित्र काढून दाखवलं होतं, तेही रुमालावर. म्हणून तर हा डोळा दुसऱ्याबरोबर हलतो. त्याचा आकडा पासष्ट हजार एकशे पाच. यांनी लिहिलंय तीन!”

“दोनानं चुकलंय,” मार्लिस म्हणाली. “पीठ चिकटतंय, बाजूला हो.”

कृत्रिम डोळा हलतो, हे विधान सरांनी आजवर डॉक्टरांच्या शब्दावर मान्य केले होते. आता मात्र पुरावा हवा होता. ते आरशासमोर उभे राहिले आणि एक जुनीच अडचण त्यांच्या नव्याने ध्यानात आली. आरशात पाहणाऱ्याला स्वतःचे डोळे हलताना दिसत नाहीत. डोळा हलला की तो दुसरीकडेच पाहत असतो. दोन डोळ्यांच्या माणसालाही जे जमत नाही, ते एका डोळ्यावर कसे जमावे? त्यामुळे प्रयोगाला त्रयस्थ निरीक्षक लागणार होता आणि त्रयस्थ निरीक्षक म्हणून उपलब्ध होता शेजारचा ड्वेन प्रोखास्का.

ड्वेनने तीसेक वर्षे दुधाचा टँकर चालवला होता आणि त्या काळात साठलेले सल्ले तो निवृत्तीनंतर गावात फुकट वाटत असे. तो बीअरची बाटली आणि मुलाच्या जुन्या दप्तरातला कोनमापक घेऊन आला. मार्लिसने लाकडी चमचा डावी-उजवीकडे फिरवला, सरांनी त्याच्याकडे पाहिले आणि ड्वेनने त्यांच्या नाकाला कोनमापक टेकवून वाचन घेतले. डावीकडे अठरा अंश. उजवीकडे बारा.

“हलतोय बाबा,” ड्वेन म्हणाला. “माझ्या मेव्हण्याच्या खऱ्या डोळ्यापेक्षा जास्त हलतोय. आता सांग, कंपनीनं पैसे भरले?”

“भरले.”

“तुझ्याकडे कोणी काही मागतंय?”

“नाही.”

“मग गप्प बस की! माझ्या ट्रॅक्टरवर ओकचं झाड पडलं, तेव्हा कंपनीनं लिहिलं गारपीट. मी म्हटलं, गारपीट तर गारपीट. नवा ट्रॅक्टर आला. त्या ओकनं आजपर्यंत तक्रार केलेली नाही.”

सरांनी ड्वेनकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात दोन्ही डोळे सारख्याच प्रमाणात सामील होते. एखाद्या अधिकृत दप्तरात आपला डोळा ‘न हलणारा’ म्हणून कायमचा नोंदलेला राहावा, आणि तो तर समोर अठरा अंशांत हलतो आहे, ही कल्पना त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुग्णालयाच्या बिल विभागात फोन केला.

तिथे केंद्रा व्होल्ड होती. डॉक्टरांच्या टिपणावरून प्रत्येक शस्त्रक्रियेला योग्य तो संकेतांक लावणे हे तिचे काम. पूर्वी ती सरांच्याच वर्गात होती. पण गावात कोण नव्हते?

“सर, डॉक्टर हॅगननी टिपणात काय लिहिलंय, ऐका. ‘स्नायू नेहमीच्या पद्धतीने हाताळले.’ आता नेहमीच्या पद्धतीत शिवणं येतं की नाही, ते मी कसं ठरवू? लिहिलं नाही म्हणजे झालं नाही, असा आमचा नियम आहे.”

हा नियम सरांना फार आवडला. प्रयोगवहीच्या बाबतीत त्यांचाही हाच नियम होता. त्यांनी डॉक्टर हॅगनना गाठून टिपणात एक ओळ वाढवून घेतली आणि पुन्हा केंद्राला फोन केला.

“छान,” ती म्हणाली. “आता तीनाचं पाच करते. पण दुरुस्तीचं कारण द्यावं लागतं. कॉम्प्युटरवर पर्याय आहेत. टायपिंगची चूक, रुग्णाची ओळख चुकली, सेवा दिलीच नव्हती. मी टायपिंगची चूक टाकते.”

“पण ती टायपिंगची चूक नव्हती.”

“सर, सगळे तेच टाकतात.”

“टायपिंग निर्दोष होतं, केंद्रा. चूक तपशिलाच्या अभावाची होती.”

“तसा पर्याय नाही सर. ‘इतर’सुद्धा नाही.”

“मग खोटा पर्याय निवडू नकोस.”

“कारण दिलं नाही, तर ते दुरुस्ती म्हणून जाणारच नाही. नवं बिल म्हणून पाठवावं लागेल. आणि मला वाटतं, ते—”

“पाठव. सत्याला नवं-जुनं नसतं.”

हे वाक्य सरांना बोलता बोलता सुचले होते आणि बोलून झाल्यावर फारच पसंत पडले. पुढच्या काही आठवड्यांत ते त्यांना अनेकदा ऐकायला मिळाले, बहुतेक वेळा मार्लिसकडून.

आता विमा कंपनीच्या बाजूने काय घडले, ते पाहू. कंपनीने नुकतीच चुका आपोआप दुरुस्त करणारी एक यंत्रणा बसवली होती. माणसांना पगार द्यावा लागतो आणि त्यांना शंका येतात. यंत्रणेला यांपैकी काहीच लागत नाही. तिच्यापुढे नॉर्बर्ट ग्रुंडाल यांचा डावा डोळा काढल्याचे दुसरे बिल आले. एक डोळा आयुष्यात एकदाच काढता येतो, हे तिला शिकवलेले होते आणि या नियमात खोट काढणे कोणालाही अवघड जाईल. डावा डोळा तर आधीच काढलेला. तरीही डोळा काढल्याचे बिल आले आहे, म्हणजे डोळा निघालेला आहे. तो डावा असू शकत नाही. माणसाला डोळे दोन. यंत्रणेने बिलावरचे ‘डावा’ खोडून ‘उजवा’ केले, पैसे मंजूर केले आणि आपले कर्तव्य तत्परतेने पुढे चालवले.

त्या कर्तव्याचे खोके ग्रुंडाल पतिपत्नी पत्त्यांच्या क्लबात गेलेले असताना ड्वेनच्या ओसरीवर येऊन पडले. ड्वेनने ते उघडले. लिंडन लेकमध्ये शेजाऱ्याचे खोके उघडणे हा आगाऊपणा समजला जात नाही. आत नाशवंत वस्तू असू शकते. संध्याकाळी तो खोके घेऊन सरांच्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“नॉर्ब!” तो ओरडला. “मी ड्वेन आहे! तुझ्या समोर उभा आहे!”

“दिसतंय मला.”

“आमच्यापासून लपवायचं नव्हतंस रे! आम्ही काय परके आहोत?”

खोक्यात घडीची पांढरी काठी होती, बोलणारे घड्याळ होते, आणि एक पत्र होते. पत्रावर एकही अक्षर नव्हते. नुसते उठावाचे ठिपके. घड्याळाचे बटण ड्वेनकडून चुकून दाबले गेले आणि एका प्रसन्न स्त्री-आवाजाने सात वाजून पाच मिनिटे झाल्याचे जाहीर केले.

“दोन मिनिटं पुढे आहे,” सर म्हणाले.

त्यांनी कंपनीला फोन लावला. ‘आपल्याला दिसत नसल्यास एक दाबा,’ असे ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला. एक दाबणाऱ्यांना ताबडतोब माणूस मिळत असे. सरांनी एक दाबला नाही, कारण ते खरे नव्हते. मार्लिसचे दोन रूबार्ब-पाय ओव्हनमध्ये भाजून झाले तेव्हा पलीकडे रोशेल नावाची बाई आली.

“ग्रुंडाल साहेब, सर्वप्रथम आपल्या दोन्ही डोळ्यांबद्दल मनापासून सहानुभूती.”

“एकाबद्दल पुरे. माझा उजवा डोळा शाबूत आहे.”

“साहेब, इथं नोंद दोन्हींची आहे.”

“मी तुम्हाला सांगतो ना, तुमचं पत्र आत्ता माझ्या समोर आहे आणि मी ते बघतोय.”

“ठिपक्यांचं पत्र ना, साहेब?”

“हो.”

“वाचता आलं आपल्याला?”

“नाही.”

मग रोशेल अतिशय हळुवारपणे म्हणाली, “म्हणजे साहेबांना पत्र वाचता येत नाही, अशी नोंद करू का?”

शुक्रवारी तलावाकाठच्या हॉटेलात माशांच्या जेवणाला अख्खे गाव जमते. ड्वेनने खोक्याची बातमी तिथे आधीच पोहोचवली होती. सर आत शिरले आणि गप्पा थांबल्या. कोणीतरी उठून खुर्ची सरकवली. वाढणाऱ्या मुलीने त्यांच्या ताटातले प्रकार घड्याळाच्या काट्यांनुसार मोठ्याने सांगितले : मासा बारावर, बटाटे चारवर, कोबी आठवर. सरांनी तिला सांगितले, की कोबी प्रत्यक्षात नवाकडे सरकला आहे. पण त्यामुळे कोणाचेच समाधान झाले नाही. उलट, बिचाऱ्याचं नाक किती तीक्ष्ण झालंय पहा, असे मागच्या टेबलावर कोणीतरी कुजबुजले.

हे सगळे सरांनी गिळले असते. पण त्याच टेबलावरून लॉयल टेस्के उठून त्यांच्याकडे आला. हा पशुखाद्याच्या दुकानाचा मालक, आणि काउंटीच्या उन्हाळी जत्रेच्या समितीचा अध्यक्ष. जत्रेतल्या मधाच्या स्पर्धेचे परीक्षक गेली कित्येक वर्षे ग्रुंडाल सर होते.

ही बाब गंभीर आहे. गावात सरांना कोण विचारत होते? शाळा संपली होती. मुलगी सिॲटलला. वर्षातला एक दिवस मात्र असा येई, की पांढरा कोट घालून ते मधाच्या तंबूत उभे राहत, बरणीमागे दिवा धरून कण शोधत, पाण्याचे प्रमाण मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीत थेंब ठेवून आकडा वाचत, आणि ऐंशी मधपाळ श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे पाहत. त्या नळीला डोळा लावताना दुसरा मिटावाच लागतो. म्हणजे शस्त्रक्रियेमुळे परीक्षकाचे नुकसान तर सोडाच, थोडा व्यायाम वाचला होता.

“सर,” लॉयल टोपी हातात घेऊन म्हणाला, “तुम्हाला दिसतंय हे मला दिसतंय.”

“मग प्रश्न काय आहे?”

“जत्रेचा विमा त्याच कंपनीचा आहे. उद्या कोणाचा हात कापला आणि कंपनीनं विचारलं, की आमच्या नोंदीत दोन्ही डोळे नसलेल्या माणसाच्या हातात तुम्ही ऐंशी काचेच्या बरण्या कशा दिल्यात, तर मी काय सांगू? जत्रेआधी उजव्या डोळ्याचं काहीतरी कागदोपत्री आणा. नाहीतर बर्निसला उभं करावं लागेल.”

मधपाळ बर्निस शुल्ट्झ पलीकडच्या टेबलावर ब्रँडी ढवळत होती. ती म्हणाली, “मी काही मागायला गेले नव्हते हं! पण खरं सांगू का, सर? मधाला आकड्यांनी नसतं बघायचं. मनानं बघायचं असतं.”

सरांचा घास घशात अडकला. काटा असावा.

उजव्या डोळ्याचे प्रमाणपत्र मिळवणे वरवर सोपे वाटते. सर नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यात गेले. स्वागतकक्षातल्या बाईंनी पडद्याकडे पाहिले, सरांकडे पाहिले, आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले.

“काढलेल्या अवयवाची तपासणी कंपनी मंजूर करत नाही.”

“मी रोख देतो.”

“तपासणी होईल हो, प्रमाणपत्र निघणार नाही. इथं उजव्या डोळ्याचा रकानाच बंद झालाय. डोळा आहे, हे सिद्ध करणारं काहीतरी कंपनीकडून आणा.”

“ते मिळवण्यासाठीच तर मला हे प्रमाणपत्र हवंय!”

“हो,” बाई म्हणाल्या. “असं होतं खरं.”

यानंतर रोशेलने सुचवलेला मार्ग तिच्या मते अगदी सरळ होता. दुसरे बिल मागे घेतले, की उजवा डोळा आपोआप परत येईल. मात्र ते बिल स्नायूंबद्दल होते. त्यामुळे ते मागे घेताना, पहिले बिल अचूक होते आणि आपला डावा डोळा हलत नाही, असे सरांना लिहून द्यावे लागेल. मग तीन जणांचे मंडळ व्हिडिओवर त्यांना एकदा पाहील, आणि संपले.

“पण तो हलतो,” सर म्हणाले.

“साहेब,” रोशेल म्हणाली, “आपल्याला कोणता डोळा हवाय?”

असा नेमका प्रश्न त्या कंपनीत यापूर्वी किंवा यानंतर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

त्या रात्री ग्रुंडालांच्या घरात वादळी चर्चा झाली. अर्थात मार्लिसने आपली शिलाई खाली ठेवली नाही.

“सही कर, नॉर्ब.”

“हे धडधडीत खोटं आहे.”

“जत्रा हवी ना तुला?”

“हवी.”

“मग? एवढ्या वर्षांत मी तुला विचारलं, ह्या झग्यात जाड दिसते का? तू दर वेळी खरं उत्तर दिलंस. मी मेले नाही. तूही एका खोट्यानं मरणार नाहीस.”

सरांनी सही केली. पण अक्षर असे आले, की ती सही चेकवर असती, तर बँकेने तो परत पाठवला असता.

आता मंडळाची तयारी. इथे एक शास्त्रीय पेच होता आणि तो सरांच्याच लक्षात येऊ शकत होता. उजवा डोळा जिवंत आहे हे दाखवायचे, तर तो हलला पाहिजे. डावा निर्जीव आहे हे दाखवायचे, तर तो हलता कामा नये. आणि डॉक्टर हॅगनच्या निष्णात हातांमुळे दोघे एकत्रच हलत होते. एकच उपाय होता. पाहायचे ते सगळे मान वळवून पाहायचे. ड्वेन रोज सकाळी विजेरी घेऊन येई आणि स्वयंपाकघरात फिरवी. सर डोळे खोबणीत गोठवून मान वळवीत.

“कसं दिसतंय?” ते विचारीत.

“अपमान झालेल्या घुबडासारखं,” मार्लिस सांगे.

“बरं जमतंय,” ड्वेन म्हणे. “टँकर मागं घेताना मी असाच बघायचो.”

सुनावणीच्या दिवशी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला गेला. सरांनी टाय लावला होता. सरांची नजर घसरलीच, तर खूण करायला म्हणून ड्वेन फ्रीजमागे दडून बसला; ही योजना त्याचीच. पडद्यावर तीन चेहरे उमटले. मध्ये अध्यक्षीणबाई, उजवीकडे एक वकील, आणि डावीकडे वैद्यकीय सदस्य म्हणून एक गुबगुबीत डॉक्टर. ओळख करून देताना कळले, की ते पावलांचे तज्ज्ञ होते. डोळ्यांच्या प्रकरणासाठी निःपक्षपाती डॉक्टर हवा, असे कंपनीचे धोरण असावे; आणि या गृहस्थांचा डोळ्यांशी कसलाही पूर्वसंबंध नव्हता, हे खरेच.

“ग्रुंडाल महाशय, हे पेन बघा,” डॉक्टर म्हणाले, आणि पेन डावीकडे नेले.

सरांनी मान डावीकडे वळवली.

“मान नको. नुसते डोळे.”

पेन उजवीकडे गेले. सरांची मान उजवीकडे गेली.

“मान स्थिर ठेवा, महाशय.”

“मानेला सवय आहे,” सर म्हणाले. हेही खोटेच होते, आणि ते कानांपर्यंत लाल झाले.

अध्यक्षीणबाईंनी कागद उचलला. “आपण लिहून दिलंय, की आपला डावा डोळा हलत नाही. हे खरं आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.”

सरांच्या डोळ्यांपुढे, म्हणजे एका डोळ्यापुढे, मधाचा तंबू आला. दिव्यापुढे धरलेली सोनेरी बरणी आली, आणि शेजारी ‘मनाने’ पाहणारी बर्निस आली. ‘हो’ एवढे एक अक्षर पुरेसे होते. त्यांनी तोंड उघडले.

“डावीकडे अठरा अंश,” ग्रुंडाल सर म्हणाले, “उजवीकडे बारा. कोनमापकाची त्रुटी दोन अंश धरावी.”

फ्रीजमागून कोणीतरी कण्हले.

“तिथं आणखी कोणी आहे का?” वकिलाने विचारले.

“शेजारी आहेत. फ्रीजमागे.” एकदा खरे बोलायला लागले, की सरांना थांबता येत नसे.

डॉक्टरांनी पेन पुन्हा वर धरले. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. सरांनी मान ताठ ठेवली आणि नजर पेनामागे सोडली. डावीकडे. उजवीकडे. वर. खाली. दोन्ही डोळे सैन्याच्या संचलनासारखे एका तालात फिरले. ते दृश्य पाहून पावलांच्या तज्ज्ञांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

पडदा काळा झाल्यावर सर टाय सोडत म्हणाले, “बर्निसला माझा पांढरा कोट होईल का गं?”

“बाह्या आखूड कराव्या लागतील,” मार्लिस म्हणाली, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

निकालाचे पत्र आले ते साध्या अक्षरांत. सरांनी ते उभ्यानेच वाचले, मग बसून वाचले आणि शेवटी मार्लिसला मोठ्याने वाचून दाखवले.

‘सुनावणीदरम्यान आपले दोन्ही डोळे परस्परांशी सुसंगत रीतीने हलताना आढळले. सबब दोन्ही डोळे नैसर्गिक असून जागच्या जागी आहेत, असा वैद्यकीय सदस्यांचा निष्कर्ष आहे. डोळा काढल्याच्या दोन्ही नोंदी रद्द करण्यात येत आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. पांढरी काठी परत करावी. घड्याळ ठेवून घेतल्यास हरकत नाही.’

सरांचा हात फोनकडे गेला. मार्लिसचा हात त्याआधीच फोनवर होता.

“मार्लिस, हे चूक आहे.”

“हो.”

“इथं दोन डोळे लिहिलेत!”

“नॉर्ब, मला एक सांग. आधी ते म्हणत होते शून्य. आता म्हणतायत दोन. सरासरी किती?”

सरांनी टेबलावर बोटाने आकडेमोड केली.

“एक,” ते म्हणाले.

“तुला डोळे किती?”

“एक.”

“मग बस खाली, कॉफी गार होतेय.”

पद्धत सदोष होती, यात शंका नाही. दोन चुकांची सरासरी काढून सत्य मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला सरांनी वर्गाबाहेर उभे केले असते. पण उत्तर बरोबर होते. शिवाय मार्लिसने फोन चार्जरसकट ॲप्रनच्या खिशात टाकला होता.

संध्याकाळी केंद्राचा फोन आला, तो अर्थातच मार्लिसने घेतला आणि चार फुटांवरून सरांना ऐकवला. शस्त्रक्रिया झालीच नाही असे ठरल्यामुळे कंपनीने दोन्ही वेळचे पैसे रुग्णालयाकडून परत मागवले होते.

“मग तू आता काय करणार?” सरांनी दुरूनच विचारले.

“काही नाही. वरिष्ठांची बैठक झाली, सर. पैसे मागायला पुन्हा बिल पाठवायचं, तर तुम्हाला फोन करावा लागेल. त्यापेक्षा रक्कम सोडून द्यायचं ठरलंय.”

लॉयल टेस्केने पत्र वाचले, ‘दोन्ही डोळे नैसर्गिक’ या शब्दांखाली बोट फिरवले, सरांच्या डाव्या डोळ्याकडे आदराने पाहिले आणि काही विचारले नाही. लॉयल हा सुज्ञ माणूस होता. जत्रेच्या दिवशी सर पांढरा कोट घालून तंबूत उभे राहिले. कोटाच्या बाह्या पुरेशा लांब होत्या. पहिल्या बरणीतला, क्लोव्हरच्या फुलांच्या मधाचा थेंब नळीवर ठेवून त्यांनी उजवा डोळा लावला, आणि डावा मिटला.

“तो कशाला मिटता, सर?” बर्निसने शेजारून गोड आवाजात विचारले.

“शिस्त,” सर म्हणाले. “पाण्याचं प्रमाण एकोणीस टक्के. मनानं कितीही बघितलं, तरी हा मध आंबणार, बर्निस. बरणी कोणाची आहे?”

बरणी बर्निसची होती.

पुढच्या वसंतात कंपनीचे एक पत्र आले. ज्यांचे दोन्ही डोळे नैसर्गिक आहेत, अशा ज्येष्ठांची वार्षिक तपासणी मोफत होती, आणि ती न केल्यास कंपनीला काळजी वाटणार होती. सर त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरांना डाव्या डोळ्याची वस्तुस्थिती पुरती ठाऊक होती. पण डाव्या डोळ्याचा रकाना भरल्याशिवाय अहवाल पुढे सरकत नव्हता. त्यांनी थोडा विचार केला, काहीतरी लिहिले, आणि छापील कागद सरांच्या हातात दिला.

सरांनी सवयीप्रमाणे तो शेवटपर्यंत वाचला. खाली ओळ होती : ‘डावा डोळा – गेल्या वर्षापासून कोणताही बदल आढळला नाही.’

त्यांनी ती पुन्हा वाचली. वेगवेगळ्या बाजूंनी तपासली. एककाची आवश्यकता नव्हती. मग त्यांनी कोटाच्या खिशातून लाल पेन काढले, आणि या संपूर्ण प्रकरणात प्रथमच एका कागदावर बरोबरची खूण केली.